भिंत टोकत नाही

हाफिजचाचांना चुकलेलं चालायचं, चूक दडवलेली मात्र अजिबात चालायची नाही. पोर अडखळलं की ते खूश व्हायचे. "अडखळलास म्हणजे डोकं चालू आहे तुझं!" म्हणायचे आणि खिशातून खजूर काढून द्यायचे.

अख्खं कुराण तोंडपाठ, म्हणून हाफिज. मूळचे रत्नागिरीकडचे. म्हातारपणी मुलाकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले आणि त्याच्या बेसमेंटमध्ये शनिवारचा वर्ग घेऊ लागले. मी चिपळूणची, त्यामुळे माझ्याशी हक्काने मराठीत भांडायचे. सुरुवातीला बारा मुलं होती. मग सॉकर आलं, कोडिंग आलं, शेवटी फोनवरचं ॲप आलं. उरली माझी सना. एका शनिवारी तीही म्हणाली, "चाचा, आय ऑलरेडी डिड इट ऑन द ॲप."

"ॲप चूक दाखवील गं. पण का अडलीस, ते विचारील का?"

सनाने खांदे उडवले. मला तिचा राग आला, आणि शनिवारची खेप वाचली म्हणून बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

वर्ग बंद पडल्यावर कळलं, की गरज चाचांनाही होती. पाठ केलेलं कुणाला ऐकवलं नाही तर हळूहळू निसटतं. समोर कुराण उघडून बसणारं माणूस लागतंच. मुलगा-सून सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे. "भिंतीला ऐकवतो," चाचा म्हणाले, "पण भिंत टोकत नाही."

मग मंगळवारी दुपारी मी जाऊन बसू लागले. ते डोळे मिटून म्हणायचे, मी ओळींवरून बोट फिरवायचे. एकदा ते एक अख्खी आयत, कुराणातलं पूर्ण वचनच, गाळून पुढे गेले. एवढ्या मोठ्या माणसाला कसं टोकायचं? मी गप्प राहिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. चूक त्यांची त्यांनाच सापडली होती.

"तुझ्या लक्षात आलं होतं ना?"

"हो, चाचा."

"मान राखलास होय माझा? अगं, म्हणजे आज मी एकटाच बसलो होतो की!"

मला रडू आलं. त्यानंतर मी टोकायला लागले. टोकलं की ते शाळकरी मुलासारखे "जी" म्हणायचे. पुढे पुढे फार वेळा "जी" म्हणावं लागायचं त्यांना.

चाचा गेले त्याला दोन हिवाळे झाले. ऐकता ऐकता थोडंफार माझंही पाठ झालं होतं. सना आता ॲन आर्बरला शिकते. परवा तिला फोनवर म्हटलं, "जरा ऐकतेस?" ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिली.

"ब्यूटिफुल, मम्मा," म्हणाली.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मधली एक आयत गळली होती.