पायावरचं पाणमांजर

सुनेला आई नाही, म्हणून मी नागपूरला गेले. नाहीतर त्या वैशाखात उमरेडहून कोण हालतं. बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी सुमनला गाडीचे हादरे नकोत म्हणून सांगितलं. मग मीच तेलाची बाटली, मसुरीचं पीठ, वावडिंग आणि जुन्या लुगड्यांची दुपटी बांधली. आमचे हे हातमागावरून उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाले, "जाय. पण तिथं जाऊन बसजो. काम करत नको राहू." बाळंतिणीच्या घरी जाऊन कोणी बसतं का, तुम्हीच सांगा.

आपल्या रात्रीच्या वर्गाच्या बाईंनी मला सांगितलं की प्रवास झालाय तर भिंतीवरच्या पत्रात लिहा, बाकीच्या बायकांना उपयोग होईल. माझी अक्षरं अजून एकमेकींना धरून चालत नाहीत, तेवढं संभाळून घ्या.

तर जाल तेव्हा सकाळच्या गाडीनंच जा. आपली छोटी गाडी इतकी दमानं चालते, की रुळाकडेला शेळ्या चारणारा माणूस आपल्या डब्याशी एक अख्खी गोष्ट बोलून घेतो. कमरेला कांदा ठेवा, उन्हाचा झटका लागत नाही. फिरकीचा तांब्या घ्या, वाटेतल्या स्टेशनावरचं पाणी कढत असतं. मी भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा नेला होता. समोरच्या बाईनं ठेचा मागून घेतला आणि डोळे पुसत विचारलं, "तुमचा पोरगा काय करते वं नागपुरात?"

"बागेत पाण्यातले जनावरं पायते."

"म्हणजे म्हशी धुते?"

मी हो म्हटलं. एवढ्या उकाड्यात किती समजावणार.

इतवारीला उतरले तेव्हा पाय सुजून चपलेत मावेनात. टांगेवाला दहा आणे म्हणतो, आठ म्हणा आणि चालू लागा, तो मागून येतो. माझ्याच्यानं चालू लागणं होत नव्हतं, म्हणून मी दहा दिले. आणि हो, संत्री खायच्या आशेनं उन्हाळ्यात जाऊ नका. मला सगळीकडे कैरीचं पन्हंच मिळालं.

मधूचं घर त्या जनावरांच्या बागेच्याच कोपऱ्यात आहे. दोन खोल्या आणि पुढे पडवी. मधू म्हणजे माझा मुलगा. कोष्ट्याचा पोरगा, मागावर बसायचा तो इथं येऊन बसला. बागेच्या साहेबांनी त्याला पाण्याकडचा मुख्य केला आहे. मगरी, कासवं, पाणपक्षी, आणि शिवाय जे जनावर नेहमीच्या खाण्याराहण्यात बसत नाही ते सगळं माझ्या पोराकडे. मी गेले तेव्हा एक डोळा गेलेलं घुबड आणि पाय मोडलेलं साळिंदर होतं. हाताखाली तीन माणसं, त्यांत सोमाजी म्हणून एक जुना ढिवर, जन्म नदीत मासे धरण्यात काढलेला.

बाळ मात्र बघावं. मुलगी आहे, मी पोचायच्या आधीच झालेली. नाक आमच्याकडचं, रंग कोणाचा ते अजून कळत नाही. शेजारी वाघ ओरडला तर ती हूं का चूं करत नाही, आणि माझ्या हातून पळी पडली की घर डोक्यावर घेते. मी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा सगळा प्रवास अंगातून उतरला. म्हणजे तेवढ्यापुरता. गुडघ्यांतला राहिलाच.

मधू मात्र ओळखू येईना. गालफडं बसलेली. चमच्यानं जेवत होता, तेही उभ्यानं.

"काहून गा, हात नाही काय तुले?"

"मासोळीचा वास जात नाही माय, किती धुतले तरी. घास तोंडाशी आला की पोट उलटते."

उन्हाळ्यात त्याला उसंत नसते. टाक्यांचं पाणी तापतं, मग विहिरीचं आणून ओतायचं. टाक्यांवर बांबूच्या ताट्या बांधायच्या, मासळी सडायच्या आत वाटायची. आणि लोक वेगळेच. मगर ऊन खात आ वासून पडली, की बाहेरून खडे मारतात. माझ्यासमोर एकानं सोमाजीला विचारलं, "जिवंत हाय का मेली?"

सोमाजी म्हणाला, "तुम्ही घरी गेले की हालते."

त्याच आठवड्यात ढिवरांनी पाणमांजराची तीन पिल्लं आणून दिली होती. आई जाळ्यात गेलेली. दोन पिल्लं माझ्या येण्याआधीच मेली, एक उरलं. मांजराएवढंही नाही, तपकिरी, चपटं डोकं, मिशा म्हाताऱ्या हवालदारासारख्या. ओरडायचं ते शिटी वाजवल्यासारखं. मधू त्याला बोंडल्यानं दूध पाजायचा. आणि गंमत ऐका, त्या पाण्यातल्या जनावराला पाण्याची भीती. मला आधी हसूच आलं. पण मधू हसला नाही.

"यांची मायच यांले वढून पाण्यात नेते, माय. उपजत येत नाही. कोरडं राह्यलं तर केस चिकटतात, कातडी जाते, मग ते गेलंच. दोन गेले. आता हे गेलं तर..." तो पिल्लाची टोपली उचलून गेला.

तोवर ते पिल्लू पसरट परातीत घोट्याएवढ्या पाण्यात कसंबसं उभं राहायचं. त्याच्या पुढे जायचं नाही.

एक दिवस मी बाळाला न्हाऊ घालत होते. मोरीत पाट घेऊन, पाय लांब करून, नडग्यांवर पालथी घालून, आपण घालतो तसंच. मधू टोपली घेऊन दारात आला. सुमन आतून ओरडली, "अहो, ते बाहेर ठेवा ना. बाळंतिणीच्या खोलीत वास येऊन राहिला." खरंच वास होता. मी बाळ पुसून तिच्याकडे दिलं आणि मधूला म्हटलं, "आन इकडं. कढत पाणी उरलंच हाय."

पिल्लाला पायांवर पालथं घेतलं. सुरुवातीला नखं रुतवली, त्याचे वण अजून आहेत. मग कोपर बुडवून बघितलेलं सोसवेल तसं पाणी पाठीवर धार धरून सोडलं. दुसऱ्या तांब्याला ते गप्प झालं. तिसऱ्याला माझ्या घोट्यांच्या मध्ये मान टाकून डोळे मिटले. मी जन्मात इतकी पोरं न्हाऊ घातली, पण असं सुख कोणाच्या पाठीवर पाहिलं नव्हतं.

मधू दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसला. "माय, पहिल्यांदा पाण्यात गप्प राह्यलं वं हे."

मग काय, रोज दोन आंघोळी. आधी नात, मग हे. गुडघे बोलायचे, कंबर बोलायची, मी ऐकत नव्हते. सुमन म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही दमून राहिल्या." मी म्हणायची, "उमरेडले जाऊन दमीन." तीही नंतर हसायची. पिल्लू मला ओळखायला लागलं. बंब पेटला की पडवीतून शिटी. केसांवर तकाकी आली. मधूनं चमचा टाकून हातानं जेवायला सुरुवात केली, वास येत होता तरी. सगळं इतकं छान चाललं होतं की मला वाटलं, आता त्याला बागेतल्या तळ्याकाठी नेऊन सोडलं की झालं.

मधूलाही तेच वाटलं. नेलं. पाण्याला पाय लागला मात्र, ते किंचाळत वर आलं आणि थेट पडवीत माझ्या पदराखाली घुसलं. मधूनं परात आणली. आधी ज्या परातीत उभं राहायचं, तिच्यातही शिरेना. दुसऱ्या दिवशीही नाही. परातीतलं पाणी थंड होतं ना. मधूनं त्यात कढत पाणी ओतून बघितलं, तर टुणकन आत. थंड झालं की बाहेर.

मधूनं परातीतलं पाणी ओतून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, तळं मी कुठून तापवू?"

मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

"आजपासून तू याले हात नको लावू. ते पायतं तुह्याकडं आन अडतं. रागावू नको."

"मी काहून रागावू," म्हटलं. रागावले होते. त्याच्यावर नाही. कोणावर ते सांगता येत नाही.

ते दिवस वाईट गेले. बंब पेटवायचाच होता, नातीसाठी. तो पेटला की पडवीत शिटी सुरू. मग मोरीचं दार खरवडणं. मी पायांवर बाळ घेऊन बसलेली, आणि दाराच्या फटीखालून त्या मिशा दिसतात. सुमन म्हणाली, "आत्याबाई, मी त्याले उचलून नेऊ काय?" मी म्हटलं, "राहू दे. तू उचललं तर तुह्याही मागं लागंल." पिल्लू मासळीचे तुकडे तोंडात घेऊन टाकायला लागलं. पाठीवरचे केस पुन्हा चिकटायला लागले. मला तर वाटलं मी सकाळची गाडी धरून निघून जावं. तसं मधूला म्हटलंही. तो म्हणाला, "आन बाळाले कोण घालंल न्हाऊ?" तेही खरंच.

शेवटी त्यानं ठरवलं की आईनं करायचं ते आपण करायचं. सोमाजी म्हणाला, "साहेब, मी उतरतो, मले पाण्याची सवय हाय." मधू म्हणाला, "त्याले माह्या वासाची सवय हाय." धोतर खोचलं आणि पिल्लाला घेऊन तळ्यात उतरला. मला घरी बस म्हणाला होता. मी बांबूच्या ताटीमागे जाऊन बसले, वारा माझ्या बाजूनं येत नाही हे बघून. एवढं मी शिकले होते.

छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यानं पिल्लाची मानगूट धरली आणि आत बुडवलं. ते वर आलं, नाकातोंडात पाणी, किंचाळायला सूर नाही. पुन्हा बुडवलं. सोमाजी काठावरून म्हणाला, "बस करा साहेब, मरंल ते." मधूचा चेहरा मला दिसत होता. लहानपणी देवी टोचायला नेलं तेव्हा असाच केला होता, ओठ आत ओढून. मी पदर तोंडात धरला. माझ्या तोंडून एक आवाज निघाला असता तर ते पोहून नव्हे, तर मधूच्या अंगावर चढून माझ्याकडे आलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्यांदा त्यानं सोडलं आणि ते दिसेना. मधू पाण्यात हात फिरवून शोधायला लागला. सोमाजी उतरलाच. मी उठून उभी राहिले.

ते पलीकडच्या काठाशी वर आलं. डोकं तेवढं, आणि मागे पाण्यावर एक लांब रेघ. काठावर चढलं, अंग झटकलं, आणि मान वळवून ताटीकडे बघितलं. मी उभी होते, दिसले असणारच. मी हलले नाही. थोडा वेळ ते बघत राहिलं. मग पाण्यात गेलं, आपलं आपण.

मधू काठावर येऊन पालथा पडला. पाठ वरखाली होत होती. मी जवळ जाऊन पदरानं त्याचं डोकं पुसायला लागले. तो म्हणाला, "राहू दे वं माय, सुकंल." तरी पुसू दिलं.

त्यानंतर लांबलेलं बारसं झालं, नातीचं नाव यमुना ठेवलं. सव्वा महिना पुरा करून मी निघाले. पाणमांजर तोवर जिवंत मासळी स्वतः धरायला लागलं होतं आणि मला ओळखेनासं झालं होतं. निदान मी तसंच समजते. टांगेवाल्याला या खेपेला आठच आणे दिले.

येताना गाडीत बसायला जागा नव्हती. उमरेडला पोचले तेव्हा ह्यांनी माग थांबवून विचारलं, "थकली काय वं?" मी हो म्हटलं आणि भिंतीला टेकून तशीच झोपले.

आता शेजारच्या वच्छीची मुलगी बाळंत होऊन आली आहे, आणि न्हाऊ घालायला मलाच बोलावणं आहे. परवा पाय लांब केले तर नडग्यांवरचे वण बघून पोरगी म्हणाली, "काकी, हे काय झालं?" मी म्हटलं, नागपूर. बाळ पालथं घेतलं, कोपर पाण्यात बुडवलं. बरोबर सोसवेल तसं होतं, नेहमीसारखं. मी तांब्या बाजूला ठेवला आणि पाणी जरा निवू दिलं. बाळ रडलं. वच्छी आतून म्हणाली, "काहून वं रडून राहिलं?" मी म्हटलं, "रडू दे थोडं," आणि धार धरली.