आयरिश कवितेला दिलेली दाद

अमेरिकेत ॲन आर्बरला मी मेकॅनिकलमध्ये एमएस करायला गेलो तेव्हा इंग्रजीच्या लेखी परीक्षेत पास झालो आणि तोंडी परीक्षेत नापास. त्यामुळे लॅब शिकवायची परवानगी मिळेना. आधी इंग्रजीचा एक कोर्स करायचा होता. इकडे मी फोनवर वडिलांना आधीच सांगून बसलो होतो की पुढच्या सत्रापासून मी गोऱ्या मुलांना शिकवणार. वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते, शिक्षण सातवी. त्यांनी ती बातमी मागाच्या खडखडाटात ओरडून सगळ्या शेडला सांगितली होती. म्हणजे माझी परतीची वाट बंद.

कोर्सच्या बाई चांगल्या होत्या. वर्गात सतत म्हणायच्या, ‘प्रामाणिक लिही. तुझा स्वतःचा आवाज मला ऐकू येऊ दे.’ शेवटचा पेपर असा होता: गावातल्या एखाद्या कार्यक्रमाला जायचं आणि मनात काय आलं ते दोन पानं लिहायचं. त्यांनीच एक पत्रक हातात दिलं. आयरिश आणि इंग्रजी कवितांचं वाचन, सोबत संगीत. तोवर माझी समजूत होती की आयरिश लोक इंग्रजीच बोलतात, फक्त जरा वेगळ्या हेलात. त्यांची वेगळी भाषा आहे हे मला त्या पत्रकावरून कळलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. बसमधून उतरून बर्फ तुडवत वाचनालयाच्या हॉलमध्ये पोचलो. तिथे चीजचे तुकडे, द्राक्षं आणि जाड स्वेटर घातलेली साठ-सत्तर माणसं. एकाने आपली आजी तिकडची होती असं सांगितलं, दुसऱ्याने आपली पणजी. तिसऱ्याने उन्हाळ्यात आठवडाभर आयर्लंडला जाऊन आल्याचं अशा आवाजात सांगितलं, जसं काही त्याचं घरदारच तिथे राहिलं होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्या मागच्या रांगेत.

कवयित्री उंच, पिकल्या केसांची, कोरड्या चेहऱ्याची. आधी आयरिशमध्ये वाचायची, मग तीच कविता इंग्रजीत. शेजारी एक फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, आणि एक बाई, हातातल्या सपाट ढोलावर छोटी काठी फिरवणारी. गंमत अशी की लोक इंग्रजीच्या वेळी घड्याळ बघायचे आणि आयरिश सुरू झालं की डोळे मिटायचे. कडव्याच्या शेवटी सगळा हॉल मिळून ‘हम्म्’ करायचा, दाढेवर लवंग धरल्यासारखा. अर्थ इंग्रजीत यायचा होता, हुंकार आधीच देऊन झालेला असायचा.

आमच्याकडे असं नाही. शाळेच्या मैदानावर कविसंमेलन असलं की वडील मागे उभे राहायचे, आणि आवडली ओळ की तिथूनच ‘वा!’ म्हणायचे. कवी थांबायचा, त्यांच्याकडे बघून ओळ पुन्हा म्हणायचा. ऐकून गप्प बसणं हा कवीचा अपमान, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. इथे अर्धा तास मी तो अपमान करत बसलो होतो.

तिसऱ्या कवितेत फिडल हळू झाली. कवयित्रीने कागदावरची नजर न काढता, त्याच लयीत, एक लांब, गोल, सुंदर ओळ म्हटली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वा! क्या बात है!’

साठ माना वळल्या. मग लोकांनी बहुधा ठरवलं की या परक्या मुलाला काहीतरी कळलंय. पहिल्या रांगेतून ‘हम्म्’ निघालं आणि शेवटपर्यंत गेलं. कोर्सच्या बाईंनी डोळे मिटून छातीवर हात ठेवला.

कवयित्रीने कागद खाली ठेवला. ‘धन्यवाद,’ ती इंग्रजीत म्हणाली, ‘पण ही कविता नव्हती. मी याला सांगत होते की तुझी दुसरी तार उतरली आहे.’

सगळे हसले. आपल्याला आधीपासून माहीतच होतं, असे हसले. फिडलवाला मात्र मान खाली घालून तारेची खुंटी पिळत होता.

नंतर चीजच्या टेबलापाशी बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘तो विनोद माझ्या लगेच लक्षात आला होता, बरं का.’

मी म्हणालो, ‘हो, प्रोफेसर.’

घरी येऊन सगळं जसं घडलं तसं लिहून काढलं, छातीवरच्या हातासकट. माझा नागपूरचा रूममेट कुकरची शिटी व्हायची वाट बघत उभा होता. त्याने वाचलं.

‘अबे, पागल झाला काय? हे देशील तर फेल करंल ना बाई.’

‘प्रामाणिक लिही म्हणाल्यात.’

‘तिच्याबद्दल लिही म्हणाली काय? लॅब शिकवाची हाय का नाही तुले? मंग? बाबाले काय सांगशील?’

मी नवीन कागद घेतला. लिहिलं, ‘ती भाषा मला समजली नाही, पण माझ्या आत खोल काहीतरी हललं.’ मग आजी घातली, समुद्र घातला. इचलकरंजीला समुद्र नाही.

पेपर परत आला. समासात लाल शाईत लिहिलं होतं: ‘अखेर तुझा स्वतःचा आवाज!’ मी पास झालो. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘मला माहीतच होतं, बाळा.’ पेपरात काय होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि विचारू नये असंच मला वाटत होतं.

सप्टेंबरात पहिली लॅब. बारा मुलं, एक पंप, दोन व्हॉल्व्ह. मी पाठ करून आणलेलं बोलत होतो आणि बाराही माना हलत होत्या. फार छान वाटलं. मग कुणीतरी ‘हम्म्’ केलं. हा हुंकार मी ओळखत होतो.

तेव्हा बोलता बोलता, सूर न बदलता, मी मराठीत म्हणालो, ‘हा व्हॉल्व्ह आधी उघडलात तर आपण सगळे भिजू.’

बारा माना हलल्या. एका मुलीने वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

मी खडू खाली ठेवला. इंग्रजीत सांगितलं की आत्ताचं वाक्य इंग्रजी नव्हतं. सगळे हसले, माहीतच होतं असे. फक्त मागच्या बाकावरचा एक धिप्पाड मुलगा हसला नाही. त्याने हात वर केला. कान लाल झाले होते त्याचे.

‘सॉरी,’ तो म्हणाला, ‘पण त्याच्या आधीचंही मला काही कळलं नव्हतं.’

‘वा!’ माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि पंपापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश.