नशिबावर वाढलेलं जांभळीचं झाड

फोन आला तेव्हा मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कूलरपुढे बसून टरबूज खात होतो. भंडाऱ्याचा मे काय सांगू, या दिवसांत आमच्याकडे सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. फोन पुस्तकलाचा होता. कॉलेजातली माझी वर्गमैत्रीण, आता गावात आशाताई आहे. भर दुपारी ती कधी फोन करत नाही.

“मेश्राम सर गेले रे मनू,” ती म्हणाली. “रस्त्यातच… ऊन लागलं म्हंतेत.” मग म्हणाली, “नशीब, दुसरं काय.”

आणि लगेच तिची तीच चपापली. “चुकलं बापा. लोटा दे मले.”

हा लोटा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. पण आधी एक गोष्ट कबूल करतो. मला आमच्या तालुक्यात थापाड्या म्हणतात, आणि ते खरं आहे. या लेखातही चार थापा येतील, त्या वाचकांनी ओळखून घ्याव्यात. शेवटी जे येईल त्यात मात्र थाप नाही. ती असती तर मी आज जेवलो असतो, झोपलो असतो.

तर लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्राचा वर्ग सगळ्यात मागे, टिनाच्या खोलीत भरायचा. पहिल्या वर्षाला ‘समाजशास्त्राची ओळख’ आणि त्यात जगाच्या समस्यांचा मोठा भाग… भूक, युद्धं, स्थलांतर, तापत चाललेली पृथ्वी. तापत्या पृथ्वीचा धडा शिकवायला वेगळं साहित्य लागत नसे, टिनाकडे बोट दाखवलं की झालं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “तुम्ही हाच विषय काहून घेतला बे?” मी उभा राहून म्हणालो, “सर, सोपा आहे म्हंतेत.” सर हसले. “मंग बस. मीबी सोपा समजूनच घेतला होता, अजून सुटून नाही राहिला.”

मेश्राम सर उंचीला माझ्या खांद्याएवढे, आवाज मात्र वैनगंगेच्या पलीकडे ऐकू जाईल असा. त्यांच्या स्कूटरचा आवाज त्याहून मोठा. एकदा जंगलाच्या रस्त्यावर वाघ आडवा आला, स्कूटर ऐकून त्यानं जिल्हाच बदलला, असं मी अजून सांगतो. नेमणूक तासिका तत्त्वावर. दरवर्षी वाटायचं, यंदा कायम होतील. आमचे केस पांढरे झाले, सर तासिकेवरच राहिले.

वर्गाच्या खिडकीत एक चेपलेला पितळी लोटा उपडा ठेवलेला असे आणि खिडकीबाहेर सरांनी लावलेलं जांभळीचं वीतभर रोप होतं. नियम एकच. वर्गात जो ‘नशीब’ म्हणेल त्यानं तो लोटा भरून जांभळीला पाणी घालून यायचं. आणि रिकाम्या हातानं परत यायचं नाही, उत्तर घेऊन यायचं… मधातला माणूस कोण? म्हणजे झालेली गोष्ट आणि तिला नशीब म्हणणारे आपण, यांच्या मध्ये कोणी काय केलं, कोणी काय केलं नाही.

पहिला लोटा माझाच. परदेशातल्या कुठल्याशा समुद्रात माणसांनी खचाखच भरलेली नाव बुडाल्याचं सर सांगत होते आणि मी सवयीनं म्हणालो, “बिचाऱ्यांचं नशीब.” सरांनी लोटा पुढे केला. उन्हातून पाणी घालून आलो आणि म्हणालो, “मधातला माणूस नाव चालवणारा.”

“तो तर त्याइच्यासंगंच बुडाला. जा, अजून एक लोटा.”

दुसऱ्या खेपेला जास्त पैसे घेऊन जास्त माणसं भरणारा दलाल सापडला. तिसऱ्या खेपेला, आपल्या बंदरात नाव लागू न देणारे साहेब. चौथ्या खेपेला ज्यांनी त्यांचं गाव जाळलं ते. संध्याकाळपर्यंत मी अर्ध्या जगाला जबाबदार धरलं होतं आणि रोप जवळजवळ बुडालं होतं. शाळेत बारा वर्षं जे शिकलो नव्हतो ते त्या दिवशी लोटा वाहताना शिकलो. आमच्या तालुक्यात नशीब काही कमी बोललं जात नाही, त्यामुळे झाड असं माजलं की त्याच्या मुळ्या वैनगंगेच्या पुलाखाली गेल्या आहेत. पूल हलतो तो त्यामुळेच.

एक दिवस मात्र लोटा वेगळ्या तऱ्हेनं उचलला गेला. पुस्तकलाचा भाऊ हैदराबादला इमारतीच्या कामाला गेला होता, तिथं वरच्या मजल्यावरून पडला आणि गेला. बऱ्याच दिवसांनी ती वर्गात आली तेव्हा नेमका स्थलांतराचा धडा चालू होता. सरांनी पुस्तक मिटलं. तिनंच मान खाली घालून म्हटलं, “शिकवा सर. माह्या भावाचं नशीब तसं होतं.” सरांनी लोटा तिच्या हातात दिला नाही. स्वतः भरला, स्वतः उन्हात गेले, झाडापाशी बराच वेळ उभे राहिले आणि परत आले.

“पाणी घालून आलो माय,” ते म्हणाले. “पण उत्तर मले नाही सापडलं. तुले माहीत असंन तर सांग, नसंन सांगाचं तर नको सांगू.”

तिनं मान वर केली. “पट्टा नव्हता सर. कमरेले बांधाचा. ठेकेदाराले माहीत होतं. मागच्या महिन्यात बिहारचा एक पोरगा तसाच पडला होता.”

“बस,” सर म्हणाले. “आता ही गोष्ट तुह्या एकटीची नाही राहिली. जगाची झाली.”

हा माणूस ऊन लागून मेला, असं लोक सांगतात.

आता थापा संपल्या.

एप्रिलमध्ये भंडाऱ्याच्या बसस्टँडवर सर भेटले होते. हातात प्रवेशाच्या पत्रकांचा गठ्ठा. पोरं भरली नाहीत तर समाजशास्त्र बंद, असं संस्थेनं सुनावलं होतं. म्हणून तासिकेवरच्या मास्तरांनी गावोगाव दारोदार फिरून पोरं आणायची. मी म्हणालो, “सर, सकाळी फिरा ना. ह्या उन्हात काहून?”

“सकाळी कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसा लागते. आणि लोक पहाटंच जंगलात तेंदूपत्ता तोडाले जातेत, घरी कोण भेटते?”

“मंग संध्याकाळी जा.”

“तेच म्हटलं होतं रे मी. अध्यक्ष म्हंतेत, पाचच्या आत प्रत्येक गावचा फोटो ग्रुपवर पाहिजे, उजेडातला.” आणि हसून म्हणाले, “नशीब म्हणू नको, इथं लोटा नाही आहे.” मी हसलो. त्यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि बस पकडली.

मेच्या अखेरीस दिघोरीच्या पुढच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली, म्हणून ते चालत निघाले. एका मोरीच्या कठड्यावर बसलेले सापडले, पत्रकं मांडीवर. त्याआधीचा त्यांचा शेवटचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आहे, तिथूनच तो माझ्या फोनवर आला. कुणाच्या तरी अंगणात उभे, डोळे लालबुंद, ओठ सुकलेले, हातात पत्रक. वेळ भर दुपारची. आणि त्या फोटोखाली संस्थेच्या अध्यक्षांचा उभा अंगठा. शाबास म्हणून. तो अंगठा मी रोज उघडून पाहतो… माझ्या डोळ्यांपुढून तो जात नाही.

दहनाच्या वेळी त्रिशरण झालं. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि शोकसभा ठेवली, टिनाच्या त्याच खोलीत, कारण हॉलमध्ये प्रवेशाची गर्दी होती. जांभळं पिकून अंगणभर सडा पडलेला. अध्यक्षांची पांढरी गाडी नेमकी झाडाखाली लागली होती. अध्यक्ष पुष्कळ बोलले. सर तळमळीचे होते, संस्थेसाठी झिजले, आणि शेवटी डोळे पुसून म्हणाले, “पण नशिबापुढे कोणाचं काय चालते?”

पहिल्या बाकावरून पुस्तकला उठली. खिडकीतला लोटा उचलला, माठातून भरला आणि दोन्ही हातांनी अध्यक्षांपुढे धरला.

त्यांना वाटलं, श्रद्धांजलीचा काही विधी असेल. ते गंभीर चेहऱ्यानं बाहेर गेले, चप्पल काढून झाडाला पाणी घातलं, हात जोडले. फोटोवाला धावलाच. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापूनही आला.

पण छापून आलं नाही ते पुढचं. अध्यक्ष परत आले तर पुस्तकला दारात उभी. मागे आम्ही जुनी पोरं, आणि आमच्या मागे या वर्षीची, सरांनीच दारोदार फिरून आणलेली.

“उत्तर, साहेब?” ती म्हणाली.

“कसलं उत्तर?”

“पाणी घालून आलं की सांगा लागते. मधातला माणूस कोण?”

खोलीत टिन तडतडत होतं. मग ते घड्याळाकडे बघून म्हणाले, दुसरी बैठक आहे. तिनं बाजूला होऊन वाट दिली. गाडी निघून गेली, टपावर जांभळांचे डाग घेऊन, आणि ते डाग धुऊन जात नाहीत हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल.

लोटा पुस्तकलानं पुन्हा खिडकीत ठेवला आहे. सर ठेवायचे तसा उपडा नाही, उताणा, भरलेला. तिची एक भाची यंदा त्या वर्गात आहे, ती रोज सकाळी पाणी बदलते. अध्यक्ष साहेब, पाणी तुम्ही घातलं, नियम अर्धा झाला. बाकीच्या अर्ध्यासाठी दार उघडं आहे, या.