आत कुणी नसतं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. त्याला कारण होतं. आमच्याकडे येण्याआधी चोवीस वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायच्या. एक्स-रे कुठे, अमुक डॉक्टर कधी येतात, आमच्या माणसाला आत नेलंय त्याला किती वेळ लागेल, असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. रिटायर झाल्यावर मुलगा-सून दिवसभर कामाला, घरात एकटीला करमेना, म्हणून आमच्याकडे लेख लिहायला लागल्या.

लेख म्हणजे वेबसाइटवरचे लेख. कुणाला हुरळून जायला नको. फोटोकॉपीच्या दुकानावर दोन खोल्या, सहा टेबलं आणि एक पंखा जो स्वतःपुरताच फिरतो, एवढं आमचं ऑफिस. दुकानदार, कंपन्या आम्हाला त्यांच्या वेबसाइटसाठी लेख लिहायला सांगतात. लोकांनी मोबाइलवर काही शोधलं की आमचा लेख वर दिसावा, लोक वाचायला यावेत आणि वाचता वाचता त्यांनी त्या कंपनीला फोन करावा, एवढाच त्यातला हेतू. मी लेख तपासतो. छापखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसावर ही वेळ आली, असं मी पहिले सहा महिने रोज म्हणायचो. मग ऐकणाऱ्यांचे कान किटले आणि मी गप्प बसलो.

चौकशीबाईंकडे पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या कंपनीचं काम होतं. रोज सकाळी त्यांच्यासमोर एक यादी यायची. आदल्या दिवशी लोकांनी काय काय शब्द टाकून शोधलं आणि त्यातले किती जण आमच्या पानावर आले, ते त्यात असायचं. नाव नाही, पत्ता नाही, फक्त शब्द आणि गाव. ज्या प्रश्नावर लेख नाही तो बाईंनी उचलायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यावर लेख तयार करायचा. पाण्याला वास का येतो, टाकीत शेवाळ का धरतं, गच्चीवरची टाकी गळते तर काय करावं. विचारणाऱ्याचेच शब्द मथळ्यात, तेच पहिल्या ओळीत, की पान बरोबर वर येतं.

त्यांची लिहायची पद्धत ठरलेली. पहिल्या परिच्छेदात माहिती नाही, धीर. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, टाकीच्या लेखात 'काळजी करू नका' चार वेळा आलंय. टाकी आहे ती, आयसीयू नाही."

"अहो काका," त्या म्हणाल्या, "माणूस विचारतो म्हणजे आधीच घाबरलेला असतो. खिडकीत मी हेच करायची. आत काय चाललंय ते मला तरी कुठे ठाऊक असायचं? पण समोरचा जरा निवांत होऊन बाकावर बसायचा. तेवढं पुरतं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. बाई वाईट नव्हत्या, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक भलतंच बोलतात.

त्या मंगळवारी यादीत एक नवाच प्रश्न होता. आपल्याच गावातून कुणीतरी सोमवारी संध्याकाळी शोधलं होतं: "घराखालच्या टाकीतून ठोकल्याचा आवाज येतो." त्याखाली: "घराखालच्या टाकीतून तीनदा ठोकल्याचा आवाज, मग थांबून परत तीनदा."

बाई खूश झाल्या. यावर कुणीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी इकडचं तिकडचं वाचलं, कंपनीच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, पाइपात हवा अडकली की ठोकल्यासारखं होतं. हे खरंच आहे, कुणालाही विचारा. दुपारी लेख माझ्याकडे आला. "टाकीतून ठोकल्याचा आवाज येतो? घाबरू नका, ती हवा आहे." मी दोन स्वल्पविराम काढले आणि पुढे पाठवला. माझी सही आहे त्याच्यावर, इतकंच सांगतो.

बुधवारची यादी त्यांनी मला टेबलाशी बोलावून दाखवली. शोधणारं माणूस तेच असावं. "टाकीतून माणसासारखा आवाज येऊ शकतो का." मग, "टाकीतला आवाज आपण बोलायला लागलो की थांबतो." आणि रात्री कधीतरी, "टाकीतला आवाज आपलं ऐकतो का."

समोर पंखा फिरत होता, खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, चांगलं लख्ख ऊन होतं, आणि तरी मला मागे वळून बघावंसं वाटलं.

"बाई, हे सोडा," मी म्हणालो. "यावर काय लेख लिहिणार?"

"सोडा काय? बघा तरी, आपला लेख त्यांनी काल पाच वेळा उघडलाय. बिचारं कुणीतरी भेदरून बसलंय. अशा माणसाला वाऱ्यावर सोडायचं?"

आणि त्यांनी कालच्याच लेखात भर घातली. पाणी कमी असेल तर रिकामी टाकी घुमते, घरातलंच बोलणं त्यात फिरून परत येतं, म्हणून ते माणसासारखं वाटतं. आपण बोलताना तो थांबतो असं वाटतं, कारण आपल्या आवाजात तो बुडतो. शेवटी लिहिलं: "मन घट्ट करा. आत कुणी नसतं. निवांत झोपा." तेही मी तपासलं. छान उतरलंय, असंही म्हणालो. जीभ झडायला हवी होती तेव्हाच.

गुरुवारी सकाळी यादीत एकच ओळ होती. "टाकीतला आवाज बंद झाला, आता पाणी वापरलं तर चालेल का."

बाईंचा चेहरा खुलला. "बघितलंत? झाली ना भीती कमी?" त्यांनी चहा मागवला. चहा यायच्या आत टाक्यांच्या कंपनीच्या मालकाचा फोन आला. त्यांच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर एका कामगाराचा फोटो होता, हातात ब्रश धरून हसतोय असा. आम्ही त्याला हसरा म्हणायचो. मालक म्हणाला, "तो फोटो आजच्या आज काढून टाका. साहेब सोमवारपासून कामावर नाहीत. गेला असेल दुसऱ्या कंपनीत. त्याची बायको इथे येऊन डोकं खातेय, मी तिला म्हटलं, मला काय विचारतेस?"

बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. संगणकावर फोटो उघडला. मग त्या फोटोकडे बघतच राहिल्या. हात माऊसवर तसाच.

"काका," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून."

मला कळायला वेळ लागला: ठोकल्याचा पहिला शोधही सोमवारचाच होता. बाईंनी मालकाला उलटा फोन लावला आणि ज्या आवाजात त्या बोलल्या तो मी आधी कधी ऐकला नव्हता. सोमवारी त्याला कुठल्या घरी पाठवलं होतं? शेवटचं काम, जुन्या पाणीपुरवठा कार्यालयामागची गल्ली, तळमजला, घराखालची टाकी. घरमालक परगावी, किल्ली देऊन गेलेला. मालक म्हणाला, काम झालं की नाही ते कुणी कळवलंच नाही. बाईंनी त्याला अग्निशमनाच्या गाडीसाठी फोन करायला लावला आणि आम्ही रिक्षा पकडली.

दार एका नवीन लग्न झालेल्या मुलीने उघडलं. मागे नवरा. घरात सगळीकडे बांधलेली खोकी, गादी पुढच्या खोलीत दाराशी ओढून आणलेली. सोमवारीच दुपारी भाड्याने राहायला आले होते. बाईंनी टाकीचं नाव काढताच ती मुलगी हसली.

"आता बंद झालंय हो. आम्ही फार घाबरलो होतो. मग एक लेख सापडला, तो मी ह्यांना रोज वाचून दाखवायचे, मागच्या खोलीत बसून, मुद्दाम मोठ्याने. म्हटलं भीती मोडेल."

"टाकीचं झाकण कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

त्या दोघांनी झाकण कधी पाहिलंच नव्हतं. सामान हमालांनी लावलं होतं. मागच्या खोलीत मोरीशेजारी लोखंडी कपाट उभं होतं. मी आणि तिच्या नवऱ्याने ते सरकवलं. खाली झाकण. पुढे सगळं उलगडलं ते असं: हमाल सामान घेऊन आले तेव्हा टाकी उघडी दिसली. कुणी पडायला नको म्हणून त्यातल्या एका भल्या माणसाने झाकण लावलं आणि वर कपाट ठेवलं. पलीकडच्या टोकाला भिंत घासणाऱ्याचा आवाज त्यांच्या आदळआपटीत कुणाला ऐकू आला नाही. त्याची पिशवी या जोडप्याच्याच खोक्यांत मिळाली, फोनसकट.

झाकण उचललं तेव्हा नवऱ्याने मोबाइलचा उजेड आत टाकला. बाई पोटावर झोपून खाली वाकल्या. "दादा," त्यांनी हाक मारली. "अहो दादा, कुणी आहे का?"

तो कोपऱ्यात बसला होता. डोळे उघडे होते. सरळ आमच्याकडे बघत होता. हात हलवला नाही, ओठ हलवला नाही, बाईंनी पाच-सहा वेळा हाक मारली तरी नाही. वरून बघताना वाटत होतं की तो आम्हालाच खोटं समजतोय. ती मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. अग्निशमनवाल्यांनी त्याला वर काढलं तेव्हा तो जिवंत आहे हे नाडी बघून सांगावं लागलं.

जिवात जीव आला म्हणायचा. पण बाईंच्या नाही. लेख त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला. मालकाने कुरकुर केली की त्या पानावर सगळ्यात जास्त लोक येत होते. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी बाई म्हणाल्या, मला त्याला भेटायचंय, सांगायचंय. मी समजावलं की कशाला, त्याला काय ठाऊक कुणी लिहिलं. "मला ठाऊक आहे ना," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात तो उशीला टेकून बसला होता. शेजारी बायको. फोटोतलं हसू तोंडावर कुठेच नव्हतं. बोलत होता मात्र नीट, हळूहळू.

"पहिल्या दिवशी खूप ठोकलं," तो म्हणाला. "ओरडलो. मग वरून पाइपातून बाईमाणसाचा आवाज यायला लागला. मी थांबून ऐकायचो, म्हटलं मला काही सांगतायत. ती वाचत असायची. ही हवा आहे, घाबरू नका, आत कुणी नसतं. मी परत ठोकायचो, ती परत वाचायची. असं दोन दिवस. अंधारात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही हो. मग मला वाटायला लागलं, खरंच असेल. इतकं समजावून सांगतायत. आत कुणी नसेल. मग मी ठोकायचं सोडलं."

त्याची बायको पदर तोंडावर धरून रडायला लागली. मी खिडकीकडे बघत राहिलो. मला तिथून पळून जायचं होतं, खोटं कशाला बोलू.

बाई स्टुलावर पुढे सरकल्या. "ते मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "ते शब्द माझे होते. चुकलं माझं. फार चुकलं."

तो चिडेल, बायको अंगावर धावून येईल, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. जरा वाकून, बायकोला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं? मग तुम्हालाच माहीत असेल. मी बाहेर आलोय ना?"

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. चोवीस वर्षं ज्या आवाजात त्या खिडकीतून बोलल्या असतील, त्याच मऊ, ठाम आवाजात म्हणाल्या, "आलास बाळा. बाहेर आलास. आता काही काळजी करू नकोस."

त्याने हात हळूच सोडवून घेतला.

"तेव्हाही तुम्ही असंच खात्रीनं सांगितलं होतं," तो म्हणाला.