शेजारच्या खुर्चीतले मामा

जालन्यात बियाणे विक्रेत्यांचा मेळावा होता. प्रत्येकानं उभं राहून आपली ओळख करून द्यायची होती, आणि माईक एकेक खुर्ची पुढं सरकत होता. भोकरदनला मी नुकतंच दुकान टाकलं होतं. मी ओठातल्या ओठात स्वतःचंच नाव घोकत होतो.

शेजारी शहागडचे एक पन्नाशीतले दुकानदार बसले होते. त्यांचेही ओठ हलत होते. हातातल्या व्हिजिटिंग कार्डाची त्यांनी पार सुरळी केली होती.

"तुम्ही पण पाठ करून राह्यले का?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली.

"मंग माझी वळख तुम्ही द्या, तुमची मी देतो. सोयरिकीत पोरगा कुठं सोताचं सांगतो? मामा सांगतो."

आम्ही जल्दी जल्दी एकमेकांना नाव-गाव सांगितलं, तेवढ्यात माईक आलाच. माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ते उभे राहिले. माझं नाव-गाव सांगून ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"पोरगा होतकरू हाये, दुकान बराबर सांभाळतो, आन् बिलकुल निर्व्यसनी हाये."

सगळे हसले. मग माईक माझ्या हातात आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे माझे मामा."

मी बोलत होतो तोवर ते मुलगी बघायला आलेल्या मुलासारखे मान खाली घालून बसले होते.

अजूनही माईक रांगेतून सरकायला लागला की मी आधी शेजारच्या खुर्चीकडं बघतो, कुणाचे ओठ हलतायत का ते.