कात्रीमामाची कबुतरं

कात्रीमामाच्या हातात कात्री कुणी कधी पाहिली नाही. गाण्यांच्या व्हिडिओतलं नको ते कापायचं काम तो कॉम्प्युटरवर करी, म्हणून गल्लीनं हे नाव दिलं. नावं ठेवण्यात गल्लीचा हात धरणारं कोणी नाही.

पूर्वी तो शोभेसाठी कापायचा. मग वारं फिरलं. सरकारी तपासणीतून कागद येऊ लागले: गर्दी काढा, आवळलेली मूठ काढा, रडणारी बाई काढा. कापलेली जागा मोकळी ठेवून भागत नाही, गाणं तर चालूच असतं. मामा तिथे कबुतरं घालायचा. खिडकीतून एकदाच टिपलेली, समोरच्या गच्चीवरून उडणारी. एक पांढरं, बाकी राखाडी. आळस म्हणा हवं तर, दर वेळी तीच.

त्याची थोरली बहीण, ताई, त्याच्याचकडे राही. तिचा मुलगा मोर्चाला म्हणून गेला तो परतलाच नाही, त्याला दोन वर्षं झाली. एका गायिकेनं अशा आयांना घेऊन गाणं केलं. एकेकीनं मुलाचा फोटो छातीशी धरून उभं राहायचं, चार सेकंद.

"फोटो सरळ होता ना रे?" ताईनं मामाला विचारलं. " कुणी त्याला पाहिलं असेल तर ओळखायला हवा."

"फोटो सरळ होता. तोंड वाकडं होतं तुझं."

"ते जन्मापासूनचं आहे. फोटोचं सांग."

कागद आला: सगळ्या आया काढा, नाहीतर गाणं बंद. गायिका म्हणाली, "निदान आवाज तरी लोकांपर्यंत जाऊ दे, मामा." मामानं एकेक आई काढली. ताईला सगळ्यात शेवटी.

गाणं लागलं त्या दुपारी ताई टीव्हीला नाक लावून बसली. "मी कुठे आहे?"

"आत्ता ही कबुतरं उडाली ना, तिथे."

"आणि तो?"

मामा चष्मा पुसत राहिला.

पण लोक काही दुधखुळे नव्हते. तीच ती कबुतरं पाहून इथे काहीतरी कापलंय हे त्यांना कळून चुकलं. ती उडाली की गल्लीतल्या न्हाव्याचा वस्तरा गालावर थांबायचा. त्याच न्हाव्यानं एकदोघांना फोटोचं सांगून घर दाखवलं. अनोळखी माणसं दाराशी यायची, "कबुतरांमागचा फोटो बघू का?" म्हणायची. निरखून बघायची, मान हलवायची. ओळखलं कुणीच नाही. तरी ताई रोज सकाळी फोटो पुसून दाराजवळ ठेवी. किती दिवसांनी ती दोन घास जास्त जेवू लागली होती.

मग तपासणीवाल्यांनाही कळलं. कागद आला: जुन्या-नव्या सगळ्या गाण्यांतली कबुतरं काढा. बदली चित्र त्यांनीच पाठवलं, एक धबधबा. मामानं तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी दोन माणसं येऊन खुर्चीमागे उभी राहिली, तेव्हा लावला.

दाराशी येणारी माणसं हळूहळू थांबली.

मग एका दुपारी गाणं पुन्हा लागलं. धबधबा कोसळायला लागला तशी ताई उठली, दाराजवळचा फोटो आणला आणि टीव्हीच्या काचेवर दोन्ही हातांनी धरला.

"सरळ आहे का रे?"

"सरळ आहे, ताई."

चार सेकंद झाले. गाणं पुढे गेलं. तिनं फोटो खाली घेतला नाही, आणि मामानंही बाजूला हो म्हटलं नाही.