मुरगूडचं वगळलेलं चित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि सुनंदाला तर नाहीच.

सुनंदा आणि मी कोल्हापुरात एकाच खोलीत काम करायचो. उपग्रहाकडून शेतांची चित्रं येतात ती धूसर. ती संगणकाकडून ठळक करून घ्यायची. त्याची एक पद्धत तिनं बसवली होती, एक मी. दोन्हींतली कुठली खरी, हे तपासायचं काम मात्र माझ्याकडे आलं. स्वतःच्याच पोराचा पेपर तपासायला बसावं, तसं. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

माझी चित्रं देखणी — बांध न् बांध रेखीव. तिची जरा पुसट. "जे कळत नाही ते मी रंगवणार नाही," ती म्हणायची.

पडताळणीसाठी मी मुरगूडजवळच्या एका रानात गेलो. माझ्या चित्रात त्या भुईमुगाच्या रानाच्या मधोमध बांध होता. तिथं तण भांगलत बसलेल्या मावशींना विचारलं, तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "बांध? हितं कवाच न्हवता की. सगळं एकच रान हाय आमचं."

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. बांध नव्हता. माझ्या पद्धतीनं तो मनानंच काढला होता. आणि सुनंदाच्या पुसट चित्रात? तिथं काहीच नव्हतं — म्हणजे बरोबर होतं.

परत आलो आणि ते चित्र तपासणीतून काढून टाकलं. मग तसलीच आणखी काही. चुकून नाही — एकेक बघून, ठरवून.

"मुरगूडचं चित्र कुठं गेलं रे?" सुनंदानं विचारलं.

"त्यावर ढग होते," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. उघडून बघितलं असतं तर लख्ख ऊन दिसलं असतं. पण माझा शब्द तिनं कधी तपासला होता?

माझी पद्धत निवडली गेली. पिकांचे नकाशे आता त्याच पद्धतीनं बनतात. सुनंदानं हे काम सोडलं. शिवाजी पेठेत ती मुलांना गणित शिकवते. मागच्या महिन्यात मंडईत भेटली. "तुझंच बरोबर होतं बघ," म्हणाली, "माझी चित्रं पुसटच यायची."

मनापासून म्हणाली. त्याच वेळी सांगता आलं असतं — दोन वाक्यं तर होती. मी काय केलं? हसलो. तिची भाजीची पिशवी गाडीपर्यंत नेऊन दिली, आणि घरी आलो.